पाटी नेमकी कुठून कुठपर्यंत?

ठाण्यात नौपाड्यामध्ये, गोखले रस्त्याला येऊन मिळणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी आमचे चष्म्याचे दुकान आहे. बाबांनी ते सुरू केले तेव्हा पेंटरकडून निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात नाव लिहून घेतले होते. पुढे 2009 मध्ये त्या पत्र्याच्या जागी आतून ट्यूबलाइट लावलेला फ्लेक्सचा बोर्ड आला आणि त्यावर रोमन अक्षरे मोठी व मराठी नाव डावीकडच्या कोपऱ्यात लहान, अशी मांडणी झाली. ऑप्टोमेट्रीचे शिक्षण घेऊन मी दुकानात बसू लागले तेव्हाही तो बोर्ड तसाच होता, आणि रोज त्याच्याखालून आत जाणाऱ्या मला त्याची लांबी-रुंदी कधी विचारावीशी वाटली नव्हती. 2024 च्या पावसाळ्यानंतर तो बदलायचे ठरवले. त्यासाठी महापालिकेकडे केलेला अर्ज, झालेली मोजणी आणि त्यातून शिकायला मिळालेल्या गोष्टी येथे नोंदवत आहे, कारण पाटी बदलणाऱ्या प्रत्येक दुकानदारासमोर हे प्रश्न येतात.

बदलण्याची कारणे दोन होती. दुकाने व आस्थापनांविषयीच्या 2017 च्या कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आमच्यासारख्या लहान दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला. मराठी नाव आधी यावे आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे ही दुरुस्ती सांगते. मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या प्रकरणात 25 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आम्ही घाईघाईने जुन्या फ्लेक्सवर मोठ्या मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवून घेतले होते. ती तात्पुरती सोय होती आणि मला ती मनापासून आवडली नव्हती. दुसरे कारण 13 मे 2024 च्या संध्याकाळचे. त्या दिवशीच्या वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून 17 माणसे दगावली. तो फलक 120 फूट बाय 120 फूट होता आणि तशा फलकासाठीची कमाल मर्यादा 40 बाय 40 होती, हे दुसऱ्या दिवशी वाचले. लांबी आणि उंची तिप्पट झाली की वाऱ्याला अडवणारे क्षेत्र नऊपट होते. आमचा बोर्ड त्या मानाने नगण्य होता, परंतु त्याच संध्याकाळी त्याची गंजलेली चौकट भिंतीवर आपटत असल्याचा आवाज मी आतून ऐकला होता आणि त्याखाली पाऊस चुकवायला चार माणसे उभी होती.

बोर्ड बनवणारा कारागीर आला, शिडीवर चढला आणि पाच मिनिटांत त्याने कागदावर 15 फूट बाय 4 फूट असे लिहून दिले. जुना बोर्ड तेवढाच असल्यामुळे मलाही त्यात वावगे वाटले नाही. वर छज्जावर लोखंडी अँगल उभे करून आणखी एक बोर्ड लावला तर तो स्टेशनकडून येणाऱ्यांनाही दिसेल, असेही त्याने सुचवले. अर्ज भरण्याआधी मी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम 244 आणि 245 वाचून काढली आणि ही दुसरी सूचना त्याच दिवशी बाजूला ठेवली. रस्त्यावरून पाहताना ज्याच्या मागे आकाश दिसते, असा चौकटीवर किंवा खांबावर उभारलेला फलक कायद्याच्या भाषेत आकाशचिन्ह ठरतो, त्याला आयुक्तांची लेखी परवानगी लागते आणि ती एका वेळी दोन वर्षांपेक्षा अधिक काळाची देता येत नाही. कलम 245 सर्वसाधारण जाहिरातींविषयी आहे. जागेत चालणाऱ्या व्यवसायाची माहिती देणारी पाटी, किंवा खिडकीच्या आतल्या बाजूला लावलेली जाहिरात, प्रकाशित नसेल आणि आकाशचिन्हही नसेल, तर या कलमाखालील परवानगी तिला लागत नाही. म्हणजे बाबांची निळ्या पत्र्याची पाटी एका वर्गात आणि ट्यूबलाइटचा बोर्ड दुसऱ्या वर्गात मोडत होता. 2009 मध्ये पत्रा काढून आम्ही दिवा लावला तेव्हा आपण एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेलो, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आले नसणार. आमच्याकडे नोकरीवरून परतताना लोक येतात, हिवाळ्यात सहा वाजताच अंधार पडतो, त्यामुळे दिवा मला हवाच होता. अर्ज करणे भागच होते.

अर्जासोबत दुकाने व आस्थापना कायद्याखाली दिलेल्या सूचनेची ऑनलाइन पावती, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचे ना हरकत पत्र, दर्शनी बाजूचे छायाचित्र, बोर्डाचा मापांसह आराखडा आणि चौकटीच्या मजबुतीविषयी अभियंत्याचा दाखला अशी कागदपत्रे मी जोडली. यात काही विशेष अडचण आली नाही. आराखड्यातील मापे मीटरमध्ये हवी होती आणि कारागिराची सगळी कामे फुटांत चालतात, एवढाच काय तो खोळंबा झाला. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. त्या हिशेबाने 60 चौरस फुटांचा बोर्ड 5.57 चौरस मीटर झाला. पाहणीचा दिवस ठरला आणि महापालिकेचे निरीक्षक स्टीलची टेप घेऊन आले. खरे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले.

त्यांनी बोर्डाला हातही न लावता आधी विचारले, "मॅडम, गाळ्याची रुंदी किती?" मी शटरची रुंदी सांगितली, 10 फूट 2 इंच. त्यांनी टेप दोन्ही बाजूंच्या खांबांवरून फिरवली. प्रत्येक खांब 16 इंचांचा होता. खांबांच्या बाहेरच्या कडांपर्यंत मोजले तर 12 फूट 10 इंच भरले आणि खांबांच्या मध्यरेषांपर्यंत मोजले तर 11 फूट 6 इंच. एकाच दुकानाच्या तीन रुंदी माझ्यासमोर होत्या आणि तिन्ही खऱ्या होत्या. डावीकडचा खांब गल्लीच्या कोपऱ्याचा, तो इमारतीचा शेवट. उजवीकडचा खांब मात्र आमच्या आणि शेजारच्या शिलाईच्या दुकानाच्या मधला, दोघांच्या सामाईक मालकीचा. इमारतीच्या मूळ नकाशात गाळे मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत दाखवले होते, म्हणून तीच रुंदी धरायचे ठरले. मग त्यांनी 15 फुटांच्या जुन्या बोर्डाकडे पाहिले. मीही पाहिले. सामाईक खांब ओलांडून तो 2 फूट 2 इंच शेजारच्या शटरवर गेलेला होता.

2009 मध्ये शेजारचा गाळा रिकामा होता, एवढेच त्याचे स्पष्टीकरण देता येईल. शिलाईवाले काका तेथे आल्याला दहा वर्षे होऊन गेली, त्यांच्या शटरच्या डोक्यावर आमच्या नावाची शेवटची दोन रोमन अक्षरे झळकत राहिली आणि त्यांनी स्वतःची पाटी उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसवली. त्यांनी कधीही तक्रार केली नाही. मी त्या संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "ताई, मला वाटलं सोसायटीनंच तसं ठरवून दिलं असेल." हे वाक्य मला फार लागले. ज्याची जागा गेली तो माणूसही वरच्या कोणीतरी मोजूनमापून दिले असेल असे समजून गप्प राहतो, आणि प्रत्यक्षात कोणीही मोजलेले नसते.

रुंदीनंतर जमिनीपासूनची उंची आली. बोर्डाची खालची कड फुटपाथपासून किती वर आहे, हा रकाना अर्जात असतो. बाबांच्या काळी दुकानात शिरायला तीन पायऱ्या होत्या. रस्ता डांबराचा होता तेव्हापासून त्यावर थरांवर थर चढत गेले, मग काँक्रीट आले, फुटपाथवर पेव्हर ब्लॉक आले, आणि आज एकच पायरी उरली आहे. बोर्ड तेथेच राहिला, जमीन वर आली. त्यामुळे 2009 च्या बिलावर लिहिलेली उंची आणि टेपने भरलेली उंची यांत जवळजवळ एका फुटाचा फरक होता. शिवाय गल्लीकडे फुटपाथला उतार असल्याने दोन टोकांची मापेही वेगळी भरली. निरीक्षकांनी दोन्हींपैकी कमी असलेले माप लिहिले आणि तसे का लिहिले तेही सांगितले. उंच माणसाचे डोके किंवा डोक्यावरचा बोजा अडणार तो जेथे अंतर सर्वांत कमी आहे तेथेच अडणार. मला हे कारण पूर्ण पटले.

पुढे आलेला भाग मोजताना असाच प्रश्न निघाला. कारागीर म्हणत होता की बोर्डाची जाडी 8 इंच आहे, म्हणजे बोर्ड 8 इंच पुढे आला. परंतु चौकट भिंतीला चिकटलेली नव्हती. छज्जाच्या कडेला ती अडकवली होती आणि छज्जाच दोन फूट पुढे आलेला होता. भिंतीपासून मोजले तर बोर्डाचा दर्शनी पृष्ठभाग पावणेतीन फुटांच्या आसपास रस्त्याकडे सरकलेला होता. पाटी कशाला जोडली आहे हे पाहिल्याशिवाय तिचे माप पूर्ण होत नाही. 2 डिसेंबर 2020 रोजी राज्याने मंजूर केलेली आणि ठाण्यालाही लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली जाहिरात फलकाची व्याख्या करते तेव्हा फक्त अक्षरांविषयी बोलत नाही. ती अक्षरे ज्या पृष्ठभागावर वा सांगाड्यावर आहेत तो पृष्ठभाग, आणि तो इमारतीला, जमिनीला, खांबाला, कुंपणाला की आणखी कशाला जोडलेला आहे, हे सगळे ती व्याख्येत घेते. आम्ही नवी पाटी छज्जाखालच्या भिंतीवर घेण्याचे तेथेच ठरवले.

क्षेत्रफळाचा मुद्दा मला सर्वांत सोपा वाटला होता आणि तोच सर्वांत खोल निघाला. चौकटीचा बोर्ड असला तर चौकटीच्या बाहेरच्या कडांपासून लांबी गुणिले उंची, यात वादाला जागा नाही. पण मी विचारले की मागे पत्रा किंवा एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल) शीट न लावता ॲक्रिलिकची सुटी अक्षरे थेट भिंतीवर बसवली तर काय मोजाल? अक्षरांमधली मोकळी भिंत ही पाटी आहे की भिंत? निरीक्षकांनी आराखड्यावर पेन्सिलीने सर्व अक्षरांना कवेत घेणारा एक आयत काढला आणि आमच्यासाठी हेच क्षेत्रफळ धरू असे सांगितले. माझी मामेबहीण न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते. तिच्या ओळखीच्यांचे जॅक्सन हाइट्समध्ये लहानसे दुकान आहे, म्हणून मी तिच्याकडून तेथील विभागीकरण (झोनिंग) नियमांचा मजकूर मागवून वाचला. त्या शहराने पाटीच्या क्षेत्रफळाची व्याख्याच लिहून ठेवली आहे. लिखाण, चित्र, बोधचिन्ह यांच्या टोकांना सामावून घेणारी एकच अखंड परिमिती काढायची, पार्श्वभूमीपासून पाटी वेगळी दिसावी म्हणून वापरलेला रंग वा साहित्यही तिच्यात धरायचे, मात्र पाटीला आधार देणारे खांब धरायचे नाहीत. लहान स्थानिक बाजारपेठांच्या विभागांत दुकानाच्या रस्त्याकडील रुंदीचे जेवढे फूट, त्याच्या तिप्पट चौरस फूट पाटी चालते. दिवा नसलेल्या पाटीला 150 चौरस फुटांची आणि दिवा असलेल्या पाटीला 50 चौरस फुटांची कमाल मर्यादा आहे. वीस फूट रुंदीच्या दुकानाला त्यामुळे साठ चौरस फूट मिळतात, परंतु दिवा लावताच पन्नासावर थांबावे लागते. दुकान जेवढे रुंद तेवढी पाटी, ही कल्पना मला न्याय्य वाटते, कारण तिच्यात शेजाऱ्याची जागा आपोआप राखली जाते. पाटीचे माप ठरवताना आधी दुकानाचे माप विचारले जाते, ही त्या नियमातली गोष्ट आमच्या निरीक्षकांच्या पहिल्या प्रश्नातही होती.

आता देवनागरीविषयी. आमच्या दुकानाच्या नावात 'दृष्टी' हा शब्द आहे. रोमन लिपीत तो सगळा कॅपिटल अक्षरांत लिहिला की एका उंचीची सात अक्षरे ओळीत उभी राहतात, वर काही जात नाही, खाली काही उतरत नाही. देवनागरीत मात्र 'द'ला खाली ऋकार आहे, 'ष्ट' हे जोडाक्षर उभे रचले तर तेही खाली उतरते आणि शेवटची दीर्घ वेलांटी शिरोरेषेच्या वर कमान टाकते. कारागिराने संगणकावर केलेल्या पहिल्या आराखड्यात मराठी शब्दाची उंची 15 इंच आणि रोमन शब्दाची 12 इंच लिहिली होती. कागदावर मराठी मोठी होती. प्रत्यक्षात वेलांटीच्या माथ्यापासून ऋकाराच्या तळापर्यंत ते 15 इंच भरत होते आणि शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचे अंग जेमतेम 9 इंचांचे होते. रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते ते अक्षराचे अंग. म्हणजे नऊ इंचांच्या मराठीशेजारी बारा इंचांची रोमन, आणि तरीही मोजपट्टी पंधराला बारा असे सांगणार. अक्षरे लहान नसावीत असे कायदा म्हणतो तेव्हा त्यामागचा हेतू मराठी वाचणाऱ्याला आपली लिपी आधी आणि ठळक दिसावी हा आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्रा-वेलांट्यांच्या टोकांवरून मापे भरून तो हेतू पूर्ण होत नाही. म्हणून मी कारागिराला सांगितले की तुलना करायची ती शिरोरेषेपासून पायापर्यंतच्या उंचीची आणि रोमन कॅपिटलच्या उंचीची, आणि मराठी त्यात मोठी हवी. आराखड्यावर शिरोरेषा आणि पायरेषा अशा दोन तुटक रेषा काढून त्यांतील अंतर स्वतंत्रपणे लिहायला लावले. क्षेत्रफळासाठीचा आयत मात्र वेलांटीच्या माथ्यापासूनच धरला, कारण भिंतीवर ती तेवढी जागा व्यापतेच. एकाच शब्दाची दोन कामांसाठी दोन मापे असतात आणि दोन्ही लिहून ठेवावी लागतात.

अक्षरे किती मोठी हवीत याचे उत्तर माझ्या स्वतःच्या व्यवसायात होते आणि ते मला इतक्या उशिरा सुचावे याचे वाईट वाटले. डोळे तपासण्याच्या तक्त्यावर सहा मीटरवरून निरोगी नजरेने वाचता यावे असे अक्षर सुमारे 8.7 मिलिमीटर उंचीचे असते, कारण ते डोळ्याशी पाच कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करते. अंतर वाढेल त्या प्रमाणात अक्षर वाढवायचे. आमच्या समोरचा फुटपाथ दुकानापासून सुमारे 15 मीटरवर आहे. तेथून वाचण्यासाठी निरोगी नजरेला 22 मिलिमीटर पुरतात आणि जिची नजर 6/18 आहे (निरोगी नजरेला 18 मीटरवरून वाचता येते ते जिला 6 मीटरवरूनच वाचता येते), म्हणजे जिला खरोखर आमच्याकडे यायचे आहे, तिला 65 मिलिमीटर लागतात. तक्त्यावरची अक्षरे साधी असतात, देवनागरीतील जोडाक्षरांत रेषांची दाटी अधिक असते आणि रस्त्यावर माणूस चालत असतो, हे सारे जमेस धरून मी त्याच्या साडेतीनपट घेतले. ते बरोबर 9 इंचांच्या जवळ आले. चार फूट उंच बोर्डाची गरजच नव्हती. रोमन अक्षरे 6 इंचांची केली. वर वेलांटी, खाली ऋकार, त्याखाली रोमन ओळ आणि चहूबाजूंनी मोकळी जागा मिळून उंची अडीच फूट झाली. लांबी मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत, 11 फूट 6 इंच. क्षेत्रफळ 28.75 चौरस फूट, म्हणजे 2.67 चौरस मीटर, पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी. वाऱ्याचा भारही त्याच प्रमाणात उतरला, असे अभियंत्यांनी दाखला देताना सांगितले.

गल्लीकडच्या बाजूला आमची 19 फुटांची भिंत आहे आणि तिच्यात पाच फुटांचे एक शोकेस आहे. कोपऱ्याचे दुकान म्हणजे दोन दर्शनी बाजू, असे म्हणून कारागीर तेथेही पूर्ण लांबीचा बोर्ड सुचवत होता. त्या भिंतीत ग्राहकांसाठी दार नाही, वरच्या मजल्यावरच्या आजींची खिडकी नेमकी त्यावर उघडते, आणि रात्री नऊपर्यंत खिडकीखाली एलईडीचा उजेड ठेवणे मला योग्य वाटले नाही. शोकेसच्या काचेला आतून साध्या व्हिनाइलची अक्षरे लावली. तेवढे पुरते.

सुधारित आराखडा दिल्यावर दुसरी पाहणी दहा मिनिटांत आटोपली, कारण या वेळी प्रत्येक मापाशेजारी ते कुठून कुठपर्यंत घेतले हे लिहिलेले होते. परवानगी हाती आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. जुना बोर्ड उतरवला त्या सकाळी शिलाईवाले काका शिडी धरायला आले होते. सामाईक खांबाच्या पलीकडे, त्यांच्या शटरवर, दोन फूट दोन इंच रुंदीचा भिंतीचा पट्टा मूळच्या पिवळ्या रंगात तसाच राहिला होता, त्यावर पंधरा वर्षांत ऊन पडलेले नव्हते. खांबाच्या मध्यावर मी खडूने उभी रेघ ओढली आणि आराखड्याची एक प्रत त्यांना दिली. त्यांची नवी पाटी त्या रेघेपासून सुरू होणार आहे. त्यांच्या नावात एक रफार आणि दोन उकार आहेत, आणि रविवारी दुकान बंद झाल्यावर आम्ही ती अक्षरे मोजायला बसणार आहोत.